अल्कोहोलचा मार्कर की पाण्याचा? पेन्सिलीखाली कोणता चालतो

साताऱ्यात राजपथावरच्या स्टेशनरीच्या दुकानात नुसतं ‘मार्कर द्या’ म्हटलं, तर दुकानदार दोन वेगळ्याच वस्तूंपैकी कुठलीही काढून देऊ शकतो. दोन्ही दुतोंडी, दोन्हींची टोपणं रंगीत, पाकिटावर दोन्हीकडे फुलांचीच चित्रं. एकीची शाई अल्कोहोलमध्ये बनवलेली, दुसरीची पाण्यात. मुलांच्या चित्रकलेच्या वहीत हा फरक जाणवायचाही नाही. पण हाताने केलेल्या कार्डावर फूल रंगवून त्यावर रंगीत पेन्सिल फिरवायची असेल, तर सगळं काम या फरकावरच अवलंबून असतं.

ओळखायला सोपं आहे. टोपण काढल्यावर स्पिरिटसारखा वास आला तर तो अल्कोहोलचा. वास ओळखता येत नसेल तर रेघ ओढा, पूर्ण वाळू द्या आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. पाण्याच्या मार्करचा रंग बहुधा थेंबात उतरतो, अल्कोहोलच्या मार्करची रेघ तशीच राहते. साध्या वहीच्या कागदावर अल्कोहोलचा रंग मागच्या बाजूला उमटलेलाही दिसेल. टोपणाच्या रंगावर मात्र दोन्हींत विश्वास ठेवू नका. कार्डाच्याच कागदाच्या तुकड्यावर प्रत्येक रंगाचा एक चौकोन भरून ठेवावा आणि तोच समोर ठेवून रंग निवडावा.

रंगीत पेन्सिलीत रंगाची पूड मेणात किंवा तेलकट पदार्थात बांधलेली असते. ती कागदाच्या बारीक खरखरीला घासून चिकटते. खरखर संपली की पेन्सिल घसरायला लागते. शिवाय नुसत्या पेन्सिलीने पाकळी भरली तर कागदाचे पांढरे ठिपके मधूनमधून दिसत राहतात. ते झाकायला जोर लावला की कागद गुळगुळीत होतो आणि पुढचा थर बसतच नाही. म्हणून खाली मार्करचा सपाट रंग आणि वर पेन्सिलीची छटा ही जोडी कार्ड करणाऱ्यांना इतकी आवडते.

अल्कोहोलची शाई तंतूंमध्ये मुरते, अल्कोहोल पटकन उडून जातं आणि कागदाची खरखर जवळपास तशीच राहते. दोन-तीन हात दिले तरी पेन्सिलीला धरायला जागा उरते. पाण्याचं तसं नाही. पाण्याने तंतू फुगतात, त्याच जागी पुन्हा पुन्हा टोक फिरवलं की वरचा थर सुटून त्याच्या बारीक गोळ्या होतात. त्या गोळ्यांवर पेन्सिल फिरवली की पाकळी डागाळलेली दिसते. शिवाय एकावर एक आलेल्या रेघा उठून दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: वर पेन्सिलीचं खरं काम करायचं असेल, तर खाली अल्कोहोलचाच मार्कर घ्यावा.

कासच्या पठारावरची सोनकी घ्या. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथली फुलं तोडायला मनाई आहे, त्यामुळे समोर फोटो ठेवूनच रंगवायचं. सोनकीची अडचण अशी की पिवळ्या मार्करवर पिवळाच मार्कर कितीही फिरवला तरी सावली येत नाही. आधी फिक्या पिवळ्याने पाकळी भरा. ती ओली असतानाच देठाकडून गडद पिवळा आत ओढा, म्हणजे दोन्ही मिसळतात. ओला कागद बोटाला गार लागतो. तो गारवा गेल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. मग मातकट पिवळ्या पेन्सिलीला बारीक टोक काढून, फुलाच्या मध्यापासून बाहेर, छोट्या छोट्या गोल हालचालींनी हलका हात द्या. दोन पाकळ्या एकमेकींवर येतात तिथे फिक्या जांभळ्या पेन्सिलीचा अगदी पुसट हात द्या. पिवळ्याची सावली काळ्या पेन्सिलीने मळकी होते, जांभळ्याने ती जिवंत राहते. शेवटी पाकळीच्या टोकाला पांढरी पेन्सिल. एवढ्याने फूल कागदावरून उठून दिसतं.

तेरड्याच्या गुलाबी पाकळ्यांना हीच रीत चालते. ‘सीतेची आसवं’ नावाच्या इवल्या फुलांना मार्करच नको, नुसती जांभळी पेन्सिल पुरे.

क्रम उलटा केला तर दोन्ही मार्कर वेगळे वागतात. पेन्सिलीवर अल्कोहोलचा मार्कर फिरवला की तिचा मेणकट थर विरघळून पसरतो आणि मार्करचं टोक माखतं. पेन्सिलीवर पाण्याचा मार्कर फिरवला तर मेण पाणी झटकून टाकतं. या दोषाचा उपयोगही होतो, आणि पाण्याच्या मार्करचा खरा मान मला इथेच वाटतो. कारवीच्या पानाच्या शिरा ठळक असतात. त्या पांढऱ्या मेणकट पेन्सिलीने दाबून काढा, मग हिरवा पाण्याचा मार्कर प्लास्टिकच्या तुकड्यावर घासून, तो रंग ओल्या ब्रशने उचलून पानावर एकदाच फिरवा. शिरा फिकट राहतात. मागचं धूसर आभाळ, लांबचा डोंगर यालाही हीच पद्धत, कारण अल्कोहोलची शाई अशी पाण्याने पसरवता येत नाही.

बाह्यरेषेच्या बाबतीत जपून राहा. बॉलपेनची आणि परमनंट मार्करची रेघ अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे पिवळ्या पाकळीत निळसर डाग पसरतात. वॉटरप्रूफ पिगमेंट शाईचं बारीक पेन, नीट वाळू दिलं तर, दोन्ही मार्करांखाली टिकतं.

कागद हाताला गुळगुळीत, पण पेन्सिलीपुरती बारीक खरखर असलेला आणि जाड हवा, २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन). हँडमेड पेपर दिसायला देखणा, पण त्यावर अल्कोहोलचा रंग रेषेबाहेर झिरपतो. जाड कागदातूनही रंग मागे उतरू शकतो, म्हणून फूल वेगळ्या कागदावर रंगवून, कापून, डबल साइड टेपने कार्डावर लावावं. पाण्याच्या मार्करने रंगवलेल्या फुलाला पातळ डिंक लावू नका, ओल मागून आली तर रंग पुन्हा सुटतो. पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत कागद आधीच ओल धरतो आणि पाण्याचा मार्कर वाळायला जास्त वेळ घेतो, तेव्हा अशी कार्डं रात्रभर पंख्याखाली ठेवून मगच पाकिटात घाला.