कुठली नोंद कुठल्या फाइलीत? वाटणीच्या नियमांची पार्श्वभूमी

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली-साताऱ्यातल्या कारखान्यांच्या संगणक विभागात एका कामाला उसंत नसते: वजनकाट्याच्या नोंदींमधून बिलाच्या फाइली पाडणं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. प्रत्यक्षात काय होतं ते इकडच्या वाचकाला सांगायला नको. पण मुदतीचा धाक असल्यामुळे एक सवय पक्की झाली आहे. मूळ यादी एकदाच वाचायची आणि त्या एका फेरीतच सगळ्या फाइली बाहेर काढायच्या: सोसायटीची वसुली, जिल्हा बँकेच्या शाखा, इतर बँकांची एनईएफटी, तोडणी-वाहतुकीचा हिशेब. डेटा एकीकडून काढून, बदलून दुसरीकडे भरण्याच्या अशा कामाला ईटीएल म्हणतात, त्याहून जास्त इथे उगाळत नाही. एका प्रवाहातून अनेक आउटपुटकडे नोंदी वळवण्याचे नियम आजच्या रूपात कसे आले, एवढंच पाहू.

भोकं पाडून माहिती साठवणाऱ्या पंच कार्डांचा काळ थोडक्यात उरकतो, पण त्यातली एक गोष्ट सोडवत नाही. ८० रकान्यांची कार्डं लावणाऱ्या सॉर्टर यंत्राला १३ कप्पे असत. १२ कप्पे रकान्यातल्या १२ ओळींसाठी आणि तेरावा नाकारलेल्या कार्डांसाठी. रकाना कोरा असेल तर कार्ड तेराव्या कप्प्यात पडे. हरवायला जागाच नव्हती, कारण कार्ड ही वस्तू होती. आणि एक कार्ड एकाच वेळी दोन कप्प्यांत असू शकत नव्हतं. दोन ठिकाणी हवं असेल तर दुसरं कार्ड पाडून घ्यावं लागे. पुढचे सगळे वाद या दोन गोष्टी सुटल्यामुळे सुरू झाले.

टेपच्या काळात प्रत्येक आउटपुटला वेगळा टेप ड्राइव्ह लागायचा, म्हणून फाटे मोजकेच फोडायचे. मेनफ्रेम म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांच्या सॉर्ट प्रोग्रॅममध्ये पुढे आउटफिल ही सोय आली. एका वाचनात अनेक फाइली, प्रत्येकीला स्वतःची अट. तिच्याबरोबरचा सेव्ह हा पर्याय मला आजही शहाणा वाटतो. दुसऱ्या कुठल्याही फाइलीत न गेलेल्या सगळ्या नोंदी तो एका फाइलीत जमा करतो. म्हणजे तेरावा कप्पा परत आला, फक्त तो मागून घ्यावा लागत होता. युनिक्सवाल्यांनी हेच काम ग्रेप आणि ऑक या ओळी निवडणाऱ्या छोट्या आज्ञांनी उरकलं.

नव्वदच्या दशकात चित्रं जोडून प्रवाह मांडायची साधनं आली आणि नोंदी गुपचूप गळायला लागल्या. फिल्टर नावाचा डबा अट न जुळलेली ओळ सरळ टाकून देतो. ना फाइल, ना मोजणी. तीन आउटपुट हवे तर लोक तीन फिल्टर शेजारीशेजारी लावत, आणि तिन्हींच्या अटींमधून निसटलेली ओळ कुणालाच दिसत नसे. बँक कोडचा रकाना नल, म्हणजे काहीच न भरलेला असला की हमखास असं होई. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ‘कोड अमुक आहे’ आणि ‘कोड अमुक नाही’ या दोन्ही अटी नलच्या बाबतीत खऱ्या ठरत नाहीत. दोन्ही याद्या नीट निघतात, बेरीज मात्र जुळत नाही. अनेक गट आणि कशातच न बसलेल्यांसाठी एक डिफॉल्ट गट असलेला राउटर हा त्यावरचा इलाज. त्याच्या बाजूने कारण दिलं जाई ते वेगाचं: डेटा एकदाच वाचला जातो. माझ्या मते डिफॉल्ट गट ही त्याहून मोठी गोष्ट होती, पण जाहिरात वेगाचीच झाली.

आता खरा वाद. एक ओळ दोन अटींत बसत असेल तर ती पहिल्या जुळणाऱ्या आउटपुटला जावी, की जुळणाऱ्या सगळ्यांना?

साधनं बनवणाऱ्यांनी याची उत्तरं आपापल्या परीने दिली आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. इन्फर्मॅटिका या साधनाचा राउटर ती ओळ प्रत्येक जुळणाऱ्या गटाला देतो. मायक्रोसॉफ्टच्या २००५ च्या एसएसआयएस या साधनातला कंडिशनल स्प्लिट नावाचा डबा अटी क्रमाने तपासतो आणि पहिली जुळली की थांबतो. टॅलेंड या साधनाच्या टीमॅप नावाच्या डब्यात प्रत्येक आउटपुटची अट स्वतंत्र, म्हणजे पुन्हा सगळीकडे. ओरॅकल या डेटाबेसने मात्र २००१ च्या नाइन-आय आवृत्तीत दोन्ही पर्याय वेगळ्या नावांनी दिले: इन्सर्ट ऑल आणि इन्सर्ट फर्स्ट. काय हवं ते लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. मला हाच निर्णय सर्वांत प्रामाणिक वाटतो. बाकीच्या साधनांत वागणूक डब्याच्या पोटात दडलेली असते. एका साधनातलं काम दुसऱ्यात नेताना अटी जशाच्या तशा उतरवल्या तरी निकाल बदलतो, आणि कुठेही लाल अक्षरांत काही उमटत नाही.

हे ऊसबिलात कसं दिसतं ते पाहा. वजनकाट्याची एक पावती घ्या. त्या एका पावतीवरून शेतकऱ्याचं बिलही निघतं आणि वाहतूकदाराचं भाडंही. इथे ओळ दोन्हीकडे जायलाच हवी. नियम ‘पहिली जुळणी’चा असेल तर शेतकऱ्याच्या नावावर रक्कम पडेल आणि ट्रॅक्टरवाला हेलपाटे घालत बसेल. पुढच्या टप्प्यावर तेच बिल बँकेकडे वळवताना गोष्ट उलटी होते. समजा अट एक, ‘जिल्हा बँकेत खाते आहे’ आणि अट दोन, ‘आयएफएससी कोड भरलेला आहे’. ज्याच्या नावापुढे दोन्ही आहे त्याची ओळ सगळीकडे गेली तर एकाच उसाचे पैसे दोनदा जमा. जास्तीचे परत मागायला गटाच्या शेतकी मदतनिसाला वस्तीवर पाठवायचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच त्याची गंमत ठाऊक. म्हणजे एकाच कामात एका वळणावर ‘सगळ्या’ आणि पुढच्या वळणावर ‘पहिली’ लागते. माहितीची प्रत निघाली तर बिघडत नाही, पैशाची निघाली तर बिघडतं. साधनाने एकच बाजू पक्की केली की दुसरी बाजू अटींमध्ये हाताने शिवावी लागते: ‘जिल्हा बँक नाही आणि कोड आहे’. अशी शिवण चार-पाच अटींपर्यंत टिकते. त्यापुढे कुणीतरी मधली एक अट बदलतो आणि उसवते.

पहिल्या जुळणीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की त्यामुळे बेरीज आपोआप जुळते: आत आलेल्या ओळी आणि सगळ्या आउटपुटांतल्या ओळी समान. न जुळलेल्यांचं आउटपुटही धरलं तर हे खरं आहे. पण तिथे अटींचा क्रम हाच नियम होऊन बसतो आणि तो कुठे लिहून ठेवलेला नसतो.

केटल ऊर्फ पेंटाहो हे फुकट साधन इकडच्या छोट्या कामांत बऱ्यापैकी रुळलं. त्याने गोंधळात आणखी भर घातली. एका पायरीतून दोन बाण काढले की ते विचारतं, ओळी वाटायच्या की प्रत काढायची? ‘वाटायच्या’ निवडलं तर पहिली ओळ इकडे, दुसरी तिकडे, पत्ते वाटल्यासारखं. अटींशी त्याचा काही संबंध नाही, हेतू भार विभागण्याचा आहे. घाईत नको ते निवडून बसलेले खूप.

टीमॅपमधली गुंतागुंत वेगळी. अटीत न बसलेल्या ओळी आणि शोध-यादीत जोडीच न सापडलेल्या ओळी तिथे वेगवेगळ्या धरल्या जातात, आणि दोन्हींसाठी स्वतंत्र खूण करावी लागते. १ एप्रिल २०२० ला १० सरकारी बँकांच्या ४ झाल्या आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने आयएफएससी कोड बदलले, तेव्हा हा फरक अंगावर आला. जुना कोड नव्या यादीत सापडत नव्हता. इनर जोड (जोडी सापडली तरच ओळ पुढे जाते अशी) लावलेली आणि फक्त अटीच्या नकाराची खूण केलेली असेल, तर अशा ओळी नाकारलेल्यांच्या फाइलीतही दिसत नव्हत्या.

त्याआधी २०१७ ची कर्जमाफी. नोंदींच्या वाटणीचा एवढा मोठा प्रयोग गावोगावच्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिला. बँकांनी ६६ रकान्यांची माहिती भरायची, शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज करायचा, आणि दोन्हींची जोड लागली तर नाव हिरव्या यादीत. जुळलं नाही तर पिवळ्या. लाभाच्या वाटाही तीन होत्या: दीड लाखापर्यंत माफी, त्यावर थकबाकी असेल तर एकरकमी परतफेड, नियमित भरणाऱ्याला प्रोत्साहनपर रक्कम. एकक कुटुंब हे होतं. त्यामुळे वडिलांचं खातं थकलेलं आणि मुलाचं नियमित, अशा घराला कुठल्या वाटेने पाठवायचं हा प्रश्न आलाच. वर सांगितलेला वादच तो, फक्त इथे पारावर बसून भांडला गेला. पिवळ्या यादीवर शिव्यांचा वर्षाव झाला. मला मात्र तांत्रिक बाजूने ती यादी आहे म्हणजे ओळ अजून जिवंत आहे असं वाटायचं. नावात एक अक्षर जास्त म्हणून जो तिथे पडला होता, त्याला हे सांगायची सोय नव्हती.

अलीकडच्या साधनांनी काही गोष्टी सोप्या केल्या. अपाचे नायफाय हे प्रवाह मांडायचं साधन २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या राउटिंगच्या डब्यात न जुळलेल्यांची वाट आधीपासून असते आणि ती कुठेतरी जोडल्याशिवाय किंवा ‘इथेच संपव’ असं स्पष्ट सांगितल्याशिवाय डबा चालूच होत नाही. उलट मोठ्या डेटासाठीच्या स्पार्कमध्ये डेटाफ्रेमवर (तक्त्यासारख्या मांडणीवर) पुन्हा एकामागून एक फिल्टर लावायची पद्धत आहे, म्हणजे नलचं जुनं दुखणं परत.

टॅलेंडची फुकट आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली. तिच्यावर उभी राहिलेली इकडची बरीच कामं आता पायथनमध्ये उतरवली जात आहेत. टीमॅपमधल्या स्वतंत्र अटी तिथे इफ-एलिफच्या (‘हे असेल तर, नाहीतर ते असेल तर’) माळेत लिहिल्या जातात, आणि तसं करताना ‘सगळ्या’चं नकळत ‘पहिली’ होतं. वाहतूकदारांच्या हिशेबात कुणाचं भाडं कमी का आलं, याची चौकशी सध्या तिथूनच सुरू करावी लागते.