कोल्हापूर पद्धतीचा बंधारा

नदीच्या पात्रात थोड्या थोड्या अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब बांधून, त्यांच्या खाचांत काढता-घालता येणाऱ्या फळ्या बसवून पाणी अडवणारी रचना. या फळ्यांना बरगे म्हणतात. सरकारी कागदांत 'को. प. बंधारा', बोलण्यात 'केटी (कोल्हापूर टाइप) बंधारा'. कोल्हापूर भागातील नद्यांवर ही पद्धत रुजली आणि तिथून राज्यभर गेली, म्हणून हे नाव. पंचगंगेवरचा, कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा यांतला सर्वांत परिचित. पावसाळ्यात सारे शहर त्याच्याकडे डोळे लावून असते, कारण पूरपातळी तिथे मोजली जाते : ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका.

पावसाळा सरला की, साधारण ऑक्टोबरात, बरगे घालतात. बहुतेक ठिकाणी त्यांच्या दोन ओळी असतात आणि मधल्या पोकळीत चिकणमाती ठासून भरतात. गळती थांबते ती मुख्यतः या मातीमुळे. अडलेले पाणी पात्रातच राहते, त्यामुळे कुणाची जमीन बुडत नाही. काठावरच्या उपसा योजना तेच पाणी उसाला देतात. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे निघतात आणि नदीला वाट मोकळी होते. म्हणजे या बांधकामाला वर्षातून दोन अगदी वेगळे भार पेलावे लागतात : आधी थांबलेले पाणी, मग धावणारे.

थांबलेल्या पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे सुमारे एक टन. उदाहरणादाखल दोन मीटरचा गाळा (म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा), तीन मीटर पाणी आणि ३० सेंटिमीटर रुंदीचे दहा बरगे एकावर एक, असे धरू. सर्वांत वरच्या बरग्यावर जेमतेम ९० किलोचा रेटा येतो, तळाच्या बरग्यावर सुमारे १,७०० किलोचा. हा फरक बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहिले की डोळ्यांनी दिसतो. वरच्या फटीतून पाणी नुसते ओघळते, तळाच्या फटीतून पिचकारीसारखे सरळ सुटते. कुजका बरगा वरच्या ओळीत एखादे वर्ष निभावेल, तळाशी तो घालणे हा निव्वळ निष्काळजीपणा होय.

एका गाळ्यावरचा एकूण रेटा भरतो सुमारे नऊ टन. बरगा तो तुळईसारखा वाकून पेलतो आणि दोन्ही टोकांनी खाचांवर टाकतो; खांब तो पायात उतरवतो. गाळा दुप्पट रुंद केला तर बरग्याला वाकवणारा जोर चौपट होतो, म्हणून खांब इतके दाट. पाण्याची उंची दुप्पट केली तर एकूण रेटा चौपट, आणि खांबाला उलथू पाहणारा जोर आठपट होतो, म्हणून ही पद्धत थोड्या उंचीपुरतीच परवडते. खांब आडवा अरुंद आणि प्रवाहाच्या दिशेने लांब असतो. तालमीत खडाखडी करताना पैलवान एक पाय मागे रोवतो, त्यामागचे कारण हेच आहे : रेटा ज्या दिशेने येतो, त्या दिशेला पाया लांब हवा. बाकी काम खांबाचे वजन आणि तळाचा काळा पाषाण करतो. खडक उघडा लागला की जागा निम्मी जिंकली.

जुलैत पाणी माथ्यावरून गेले की बंधारा दिसेनासा होतो आणि वरून जाणारी गावांची वाट बंद पडते. पाहणाऱ्याला वाटते, आता भार सर्वाधिक. प्रत्यक्षात दोन्ही अंगांची पातळी जवळपास सारखी झालेली असते आणि पाण्याचे दाब एकमेकांना तोलतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्याही वर गेली होती. अशा वेळी उरतो तो प्रवाहाचा रेटा, आणि तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सेकंदाला तीन मीटर वेगाच्या पाण्याचा रेटा चौरस मीटरला साधारण ४५० किलो. वेग दुप्पट झाला की चौपट. खांबाचे तोंड टोकदार ठेवतात ते यासाठीच. वाहून आलेली खोडे आणि जलपर्णी खांबांत अडकली, तर रेटा झेलणारे क्षेत्र वाढते आणि त्या तोंडाचा उपयोग उरत नाही.

बरगे काढायला उशीर होणे सर्वांत वाईट. पाण्याचा फुगवटा चढला की भिजून फुगलेला बरगा खाचेत आवळून बसतो आणि माणसांच्या ताकदीने हलत नाही. वाट न मिळालेली नदी मग खांबांशी झुंजत बसत नाही. ती कडेची माती कापते. बंधारा शाबूत आणि शेजारचा भराव वाहून गेलेला, असे दृश्य त्यातूनच दिसते. म्हणून काठात खोलवर नेलेल्या दगडी बाजूभिंती आणि खालच्या अंगाची फरसबंदी यांची डागडुजी उन्हाळ्यात, पात्र कोरडे असतानाच उरकावी लागते.