ब्लड ग्रुप फक्त रक्तात नसतो, पोटातल्या जंतूंनाही तो कळतो

१९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथमधले सर्जन इयान एअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलांची जुनी रेकॉर्ड्स काढून एक साधा हिशोब मांडला. पोटाच्या कॅन्सरच्या पेशंट्सचे ब्लड ग्रुप कुठले आणि त्याच भागातल्या इतर लोकांचे कुठले, बस एवढंच. तर कॅन्सरवाल्यांमध्ये ए ग्रुपची माणसं जरा जास्तच निघाली. पुढच्या वर्षी त्यांनी अल्सरचा हिशोब केला तर तिथे चित्र उलटं, ओ पुढे. खास करून ड्युओडेनमचा अल्सर, म्हणजे जठर संपल्या संपल्या लहान आतड्याचा जो पहिला भाग लागतो तिथला, तो ओ ग्रुपवाल्यांना साधारण एक तृतीयांश जास्त होताना दिसला. हे आकडे नंतर वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा तसेच आले, म्हणजे योगायोग नव्हता, पण असं का होतं ते कुणालाच सांगता येईना. कारण त्या काळात अल्सर म्हणजे टेन्शन, तिखट खाणं आणि ॲसिडिटी असंच डॉक्टरांना शिकवलं जायचं, आणि टेन्शनचा ब्लड ग्रुपशी काय संबंध?

संबंध लागायला मधे एक जंतू हवा होता आणि तो सापडायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती.

पण त्याआधी ब्लड ग्रुप हे प्रकरण नक्की आहे काय ते बघू, कारण नावामुळे आपली सगळ्यांचीच समजूत होते की ही रक्ताची गोष्ट आहे. कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली ते रक्तात शोधलं म्हणून तसं नाव पडलं, बाकी खरं तर ए, बी, ओ हा फरक साखरेचा आहे. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात, त्यांना मण्यांची माळ समजा, आणि सगळा फरक टोकाच्या मण्यात आहे. टोकाजवळ फ्युकोज नावाची साखर लागली की जे तयार होतं त्याला एच म्हणतात. ए ग्रुपवाल्यांकडे एक एन्झाइम असतं जे या एचवर अजून एक साखर (एन-ॲसिटाइल गॅलॅक्टोसामीन, नाव विसरलात तरी चालेल) लावतं, बी ग्रुपवाल्यांचं एन्झाइम साधं गॅलॅक्टोज लावतं, एबीवाल्यांकडे दोन्ही एन्झाइम्स, आणि ओ ग्रुपमध्ये बहुतेक वेळा जीनमधलं एकच अक्षर गळालेलं असतं त्यामुळे एन्झाइम बिघडलेलंच तयार होतं आणि एच तसाच उघडा राहतो. गंमत म्हणजे ए आणि बीच्या एन्झाइममध्ये प्रत्येकी ३५४ अमिनो ॲसिड्स असतात आणि त्यातल्या फक्त ४ वेगळ्या. एवढ्याशा फरकावर माणसं रक्त देताघेताना मरू शकतात.

आणि ही माळ नुसती लाल पेशींवर नसते. लाळेत असते, जठराच्या आणि आतड्याच्या अस्तरावर असते, तिथल्या चिकट म्युकसमध्ये तर ढिगाने असते. उलट उत्क्रांतीच्या हिशोबाने बघितलं तर आतडं हीच तिची जुनी जागा वाटते, कारण बऱ्याच माकडांमध्ये ती लाळेत आणि आतड्यात सापडते पण लाल पेशींवर नसते. लाल पेशींवर ती यायला लागली ती एप्स (म्हणजे चिंपांझी, गिबन वगैरे शेपटी नसलेले आपले नातेवाईक) आणि माणसांमध्ये. म्हणजे ज्याला आपण ब्लड ग्रुप म्हणतो त्याला पोटाचा ग्रुप म्हटलं असतं तरी चुकलं नसतं.

इथे अजून एक जीन मधे येतो, एफयूटी२. लाळेत आणि म्युकसमध्ये ही साखर उतरणार की नाही ते हा जीन ठरवतो. साधारण पाचातल्या चार लोकांमध्ये तो चालू असतो, त्यांना सिक्रीटर म्हणतात. उरलेल्या एकाच्या रक्तात ए किंवा बी सगळं व्यवस्थित असतं पण म्युकसमध्ये काही नाही, तो नॉन-सिक्रीटर. ब्लड ग्रुपच्या नेहमीच्या टेस्टमध्ये हे कळत नाही, त्यामुळे बहुतेकांना आपण यातले कोण हे आयुष्यभर माहीत नसतं. (आणि काही मोजक्या लोकांमध्ये मुळात एचच बनत नाही, तो बॉम्बे ब्लड ग्रुप, १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये छापलेला. तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे.)

आता जंतू. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट बायोप्सीमध्ये सतत एक वळणदार बॅक्टेरिया बघत होते आणि बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर तो लॅबमध्ये वाढवायला धडपडत होता पण काही उगवेना. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेट्स नेहमीपेक्षा जास्त दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिल्या आणि उगवला, तो हळू वाढणारा निघाला इतकंच. तरी कुणी विश्वास ठेवेना तेव्हा १९८४मध्ये मार्शलने त्या जंतूचं कल्चर स्वतःच पिऊन टाकलं आणि थोड्याच दिवसांत त्याच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात तो असल्याचा अंदाज आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो, थोड्यांना अल्सर होतो, त्याहून थोड्यांना कॅन्सर, आणि या कॅन्सरमुळेच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ला त्याला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या सगळ्यात वरच्या गटात टाकलं.

जठरात राहायचं म्हणजे सोपं नाही. ॲसिड आहे, शिवाय सगळं सतत पुढे ढकललं जातंय. ॲसिडसाठी या जंतूकडे युरिएझ नावाचं एन्झाइम आहे, ते युरियापासून अमोनिया बनवतं आणि जंतूच्या आजूबाजूचं ॲसिड मारतं. मग शेपट्या हलवत तो म्युकसमध्ये घुसतो, पार खाली अस्तरापाशी, जिथे ॲसिड फारसं पोचत नाही. पण तिथे टिकायचं तर काहीतरी धरून बसायला हवं, नाहीतर म्युकसबरोबर वाहून जाणार. १९९३ साली थॉमस बोरेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो नेमकं काय धरतो. लुईस-बी. ही त्याच माळेची एक आवृत्ती आहे, एचवर अजून एक फ्युकोज लागलं की बनते. १९९८मध्ये जंतूचा पकडणारा हातही सापडला, त्या प्रोटीनचं नाव बॅबए.

आणि तेव्हा सगळ्यांना वाटलं की चला, एअर्डचं कोडं सुटलं. ओ ग्रुपमध्ये लुईस-बीचं टोक उघडं, जंतू पटकन धरतो, ए ग्रुपमध्ये वर एक जादा साखर बसलेली, त्याला नीट धरता येत नाही, म्हणून ओवाल्यांना अल्सर जास्त. मस्त गोष्ट आहे, अजूनही बऱ्याच ठिकाणी हीच सांगतात. मला स्वतःला ती थोडी जास्तच गुळगुळीत वाटते, आणि नंतर झालंही तसंच. २००४मध्ये याच मंडळींनी जगभरातून गोळा केलेले जंतू तपासले तर लुईस-बीसारख्या साखरा धरणाऱ्या जंतूंपैकी ९५ टक्क्यांहून जास्त ए आणि ओ दोन्ही आरामात धरत होते. फक्त दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पोटातले जंतू वेगळे निघाले, तिथले साधारण ६० टक्के ओलाच घट्ट धरणारे. का, तर ते लोक जवळपास सगळेच ओ ग्रुपचे. जंतूला ए कधी भेटलाच नाही मग ए धरायची ताकद सांभाळून करायचं काय? माणसाचा ब्लड ग्रुप बघून जंतूने स्वतःचा हात बदलून घेतला, आणि हे मला मूळ कोड्यापेक्षाही भारी वाटतं.

या हाताची अजून एक करामत २०१७ साली कळली. बॅबएची पकड ॲसिडमध्ये सुटते आणि ॲसिड गेलं की परत बसते. जठराचं अस्तर सतत नवं होत असतं, जुन्या पेशी झडून वर ॲसिडकडे जातात, त्यांना धरून बसलेला जंतूही बरोबर वर जातो, पण ॲसिड लागलं की पकड सुटते आणि तो पोहत परत खाली येऊन नव्या पेशीला धरतो. पकड कायमची घट्ट असती तर बिचारा वरच मेला असता.

मग ओवाल्यांना अल्सर जास्त का, हा प्रश्न उरतोच. एक कारण बहुधा रक्तातच आहे. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं रक्त गोठवायला मदत करणारं एक प्रोटीन असतं, त्याच्यावरही हीच माळ लागलेली असते, आणि ओ ग्रुपमध्ये त्याचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण २५ टक्के कमी असतं. त्यामुळे ओवाल्याचा अल्सर वाहायला लागायची शक्यता थोडी जास्त, आणि वाहणारा अल्सर हॉस्पिटलपर्यंत पोचतो, न वाहणारा कित्येकदा घरीच राहतो. शिवाय १९५०च्या दशकातच लिव्हरपूलच्या डॉक्टरांना दिसलं होतं की ड्युओडेनमचा अल्सर नॉन-सिक्रीटर लोकांना जास्त होतो. आता नॉन-सिक्रीटरच्या म्युकसमध्ये लुईस-बी जवळजवळ नसतंच, म्हणजे जंतूला धरायला जागा कमी, मग अल्सरही कमी हवा ना? तर नाही. चिकटणं म्हणजे आजार नव्हे, मधे सूज आहे, शरीराची प्रतिकारशक्ती आहे, ॲसिड किती तयार होतं ते आहे, आणि सूज आल्यावर जंतूला धरायला दुसऱ्याच साखरा मिळतात, त्यांच्यासाठी त्याच्याकडे सॅबए नावाचा दुसरा हात तयारच असतो.

इन्फेक्शन होणं न होणं याबाबतीत तर ब्लड ग्रुपचा हात आणखीच लहान. वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि बहुतेकांना हा जंतू लहानपणी, घरातल्याच कुणाकडून लागतो, त्यामुळे घरात किती माणसं दाटीने राहतात आणि पाणी कसं आहे याचा फरक ब्लड ग्रुपपेक्षा कितीतरी मोठा पडतो.

जिथे ब्लड ग्रुपचा जोर खरंच दिसतो ते म्हणजे जुलाबाचे आजार. कॉलराचं इन्फेक्शन कुणालाही होऊ शकतं, पण ओ ग्रुपवाल्याला झालं तर ते जास्त गंभीर होतं, सलाइनची वेळ येते. बांगलादेशातही दिसलं आणि १९९१ला पेरूमध्ये साथ आली तेव्हाही दिसलं, आणि तिथे तर बहुतेक लोक ओ. इथे मुद्दा जंतू चिकटण्याचा नाही तर त्याच्या विषाचा आहे, लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या आतड्याच्या पेशींवर कॉलराचं विष टाकलं तर ओ ग्रुपच्या पेशी ए ग्रुपच्या पेशींपेक्षा जास्त जोरात प्रतिसाद देतात.

आणि लगेच उलटं उदाहरण. ई. कोलायचा एक प्रकार आहे, प्रवाशांना आणि लहान मुलांना जुलाब करणारा, ईटेक म्हणतात. अमेरिकेत शंभराच्या आसपास तब्येतीने ठणठणीत स्वयंसेवकांना बांगलादेशातल्या एका पेशंटकडून मिळालेला ईटेक मुद्दाम पाजला (अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीत, नंतर अँटिबायोटिक देऊन). ए किंवा एबी ग्रुपच्या ८१ टक्के लोकांना उपचार लागण्याइतके जुलाब झाले, ओ आणि बीच्या साधारण निम्म्यांना. २०१८मध्ये हे प्रसिद्ध झालं. कारणही सापडलं, हा जंतू ईटीपीए नावाचं एक चिकट प्रोटीन सोडतो आणि ते बरोबर ए ग्रुपच्या टोकाच्या साखरेला धरतं, त्यामुळे जंतू आतड्याला घट्ट बिलगतो आणि विष थेट पेशींना मिळतं. म्हणजे कॉलरात फायद्यात असलेला ए इथे तोट्यात.

हे वाचून कुणी आपला ग्रुप चांगला की वाईट ठरवायला बसू नका. स्वीडन आणि डेन्मार्कच्या दहा लाखांहून जास्त रक्तदात्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हाही ए ग्रुपमध्ये पोटाच्या कॅन्सरचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनीच जास्त निघालं, आणि मुळात जी गोष्ट क्वचित होते ती २० टक्के वाढून किती वाढणार. पोट सारखं दुखतंय, काळी शी होतेय, वजन उतरतंय, तर ओ असो की ए, डॉक्टर ब्रेथ टेस्ट किंवा एंडोस्कोपीच सांगणार आणि जंतू सापडला तर औषधंही सगळ्यांना तीच, साधारण दोन आठवड्यांचा कोर्स, जो मधेच सोडला तर जंतू अँटिबायोटिकला सरावतो. आणि ब्लड ग्रुपनुसार डाएट हे जे फॅड आहे त्याचा या कशाशीही संबंध नाही, २०१४ला टोरांटोमध्ये ते तपासलं होतं, डाएटचा जो काही फायदा दिसला तो ब्लड ग्रुप कुठलाही असला तरी सारखाच होता.

एकेका माणसाला हा फरक छोटा, पण लाखो माणसं आणि हजारो पिढ्या धरल्या तर तोच फरक मोठा होतो. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात, जिथे कॉलरा शतकानुशतकं ठाण मांडून आहे, तिथे ओ ग्रुपचं प्रमाण जगात सगळ्यात कमी असलेल्या ठिकाणांपैकी आहे आणि बऱ्याच संशोधकांना यात कॉलराचाच हात दिसतो. दुसरीकडे गंभीर मलेरियापासून ओ ग्रुप थोडं संरक्षण देतो, आणि आफ्रिकेत मलेरियाच्या पट्ट्यात ओ भरपूर आहे. ए आणि बीमधला फरक आपल्यात आणि गिबनमध्ये एकाच पूर्वजाकडून आलाय, म्हणजे तो किमान दोन कोटी वर्षं टिकून आहे. एकच ग्रुप सगळ्या जंतूंना पुरून उरला असता तर इतक्या काळात बाकीचे कधीच गायब झाले असते.