शेजारच्या वाफ्यातलं माणूस

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. पांढरं, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखं. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की कोमेजून जातं. वेलीवर नरफुलं वेगळी, मादीफुलं वेगळी. मादीफुलाच्या खाली बोटाच्या पेराएवढा, बारीक लव असलेला दुधी आधीपासूनच दिसत असतो. परागकण पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळून जातो. शेतात हे काम कीटक करतात. सातव्या मजल्याच्या गच्चीवर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून आमच्या इमारतीतली दोन माणसं पावसाळ्यात संध्याकाळी साडेसातला टॉर्च घेऊन गच्चीवर जातात. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने नरफूल खुडून पाकळ्या मागे सारायच्या आणि त्याचे केसर मादीफुलाच्या मधल्या गुबगुबीत भागावर हलकेच फिरवायचे. टॉर्च धरणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे राहणारे. फूल फिरवणारी मुलगी स्पर्धापरीक्षेसाठी शहरात येऊन भाड्याने राहणारी. त्याआधी दीड वर्षं दोघं एकाच लिफ्टमधून वर-खाली करत होती आणि एकमेकांशी अवाक्षर बोलली नव्हती. आता काकांना तिच्या परीक्षेच्या तारखा पाठ आहेत.

हे पाहून मला आनंद होतो, पण सोबतीने केलेल्या बागेमुळे माणसाला बरं वाटतं, त्याचा एकटेपणा सरतो, याचा हा पुरावा म्हणता येत नाही. जी माणसं मुळात बोलकी, उत्साही, हिंडतीफिरती असतात तीच बागेकडे वळत असतील, तर ती आनंदी दिसतात याचं श्रेय बागेला कसं द्यायचं? बागकाम करणारे आणि न करणारे यांची नुसती तुलना केली की नेमकी हीच गफलत होते. वर्षानुवर्षं या विषयावरचे बरेच अभ्यास याच ठिकाणी अडकले होते.

ही गाठ अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात सुटली, आणि ज्या युक्तीने सुटली ती मला फार आवडते. तिथे मोहल्ल्यामोहल्ल्यात सामायिक बागा आहेत. प्रत्येक कुटुंबाला आपला एक वाफा, पण कुंपण, पाण्याचा नळ आणि अवजारांची खोली सगळ्यांची मिळून. या वाफ्यांसाठी प्रतीक्षा यादी असते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या जिल लिट आणि सहकाऱ्यांनी गेल्या दोन वर्षांत बागकाम न केलेले 291 प्रौढ निवडले, सरासरी वय 41, निम्म्याहून अधिक कमी उत्पन्नाच्या घरांतले. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच वाफा, बियाणं, रोपं आणि बागकामाचं प्राथमिक शिक्षण मिळालं, दुसऱ्याला सांगितलं, तुमचा वाफा पुढच्या वर्षी. म्हणजे दोन्ही गटांना बाग हवीच होती. फरक फक्त कुणाला आधी आणि कुणाला नंतर एवढाच. त्यामुळे स्वभावाचा प्रश्न बाजूला पडला.

निकाल 2023 मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आले. वाफा मिळालेल्यांच्या आहारात दुसऱ्या गटापेक्षा दिवसाला सुमारे 1.4 ग्रॅम तंतू (फायबर) वाढले. त्यांची शारीरिक हालचाल आठवड्याला साधारण 40 मिनिटांनी जास्त झाली. ताण आणि चिंता दोन्ही उतरल्या, आणि सुरुवातीला ज्यांच्यावर ताण जास्त होता त्यांना फायदाही जास्त झाला. वजनात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. ताण-चिंतेचं मोजमाप प्रश्नावलीवर आहे, रक्ताच्या तपासणीवर नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. आकडे छोटे वाटतील. पण पाठीमागे ना औषध, ना समुपदेशक. एक वाफा, थोडं बियाणं आणि शेजारच्या वाफ्यात कुणीतरी.

त्या ‘कुणीतरी’बद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. एकटेपणा हा आता केवळ मनाचा प्रश्न राहिलेला नाही. 2010 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जुलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 148 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांची नाती घट्ट होती, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. एकटेपणा म्हणजे आजूबाजूला माणसं नसणं असं नाही. भरल्या घरातही तो असतो. हवी असलेली नाती आणि असलेली नाती यांतलं अंतर म्हणजे एकटेपणा.

शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी आयुष्यभर याचा अभ्यास केला. त्यांचं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. दीर्घकाळ एकट्या पडलेल्या माणसाचं मन सावध होतं. समोरच्याच्या चेहऱ्यात, बोलण्यात ते नकळत नकार शोधू लागतं. म्हणून अशा माणसाला ‘ये, चार लोकांत मिसळ, ओळखी कर’ असं म्हटलं की तो आणखी आक्रसतो. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे आहेत, आता आपण काहीतरी बोललंच पाहिजे, या भीतीपोटी तो पुढच्या वेळी येतच नाही.

बागेत नजरा रोपाकडे असतात. दोन माणसं शेजारी शेजारी उकिडवी बसलेली, हातात खुरपं, आणि बोलायला विषय समोर उभा: वांग्याच्या शेंड्याला कीड लागलीय, मिरचीवर मावा दिसतोय, ताक फवारून बघू का? बोलायचं नसेल तरी चालतं, गप्प बसून तण काढता येतं. पुन्हा दुसऱ्या दिवशी यावंच लागतं, कारण पाणी घालायचं असतं. गप्पांचा कट्टा चुकला तर कुणाचं अडत नाही, पण मे महिन्यात दोन दिवस कुंडीला पाणी चुकलं तर रोप मान टाकतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय ही जाणीव एकट्या माणसाला फार दिवसांनी मिळते. बागेचा खरा गुण मला इथे दिसतो. फुलांचा रंग, मोकळी हवा हे सगळं त्यानंतर.

आपल्या खेड्यांना हे नवीन नाही. सावड होती, इर्जिक होतं. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पेरणी, भांगलणी, काढणी अडू नये म्हणून माणसं एकमेकांकडे राबायला जात आणि त्या राबण्यातून नाती टिकत. शहरात येताना आपण सोबत देव आणले, सण आणले. सावड मात्र मागे राहिली, कारण जिच्यासाठी ती होती ती जमीनच राहिली नाही.

शरीरात काय घडतं याचीही थोडी कल्पना आहे. नेदरलँड्समध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वतःचा वाफा असलेल्या 30 जणांना आधी मुद्दाम ताण येईल असं काम दिलं. मग काहींना अर्धा तास आपल्या वाफ्यात काम करायला आणि बाकीच्यांना खोलीत बसून वाचायला सांगितलं. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, दोन्ही गटांत उतरलं, पण बागेत जास्त उतरलं. बागेतल्यांचा मूडही पूर्वपदावर आला. वाचणाऱ्यांचा आला नाही. प्रयोग लहान आहे, आणि माणसं आधीपासून बागेची आवड असलेली होती.

एका दाव्यापासून मात्र जपून राहावं. मातीतला ‘मायकोबॅक्टेरियम व्हॅक्सी’ हा जिवाणू नैराश्य घालवतो, तेव्हा मातीत हात घाला, असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. मूळ काम 2007 चं, ब्रिटनमधलं, आणि उंदरांवरचं. उंदरांना मेलेले जिवाणू टोचले होते, आणि मेंदूतल्या सेरोटोनिन या मूडशी निगडित रसायनाशी संबंधित पेशी त्यामुळे जाग्या झाल्या. संशोधन मोलाचं आहे, पण माती हाताळल्याने माणसाचं नैराश्य जातं हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्यांना औषध चालू आहे त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बागेच्या भरवशावर थांबवू नये, हे मी कळकळीने सांगते.

जमीनच नाही तर बाग कुठे, याला मुंबईतच उत्तर सापडलं आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर 2002 च्या सुमारास प्रीती पाटील आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवायला सुरुवात केली, आणि त्याच कचऱ्यातून भाज्या व फळझाडं उभी राहिली. या पद्धतीमागे कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराचा विचार आहे: थोडी जागा, उन्हाचा नीट हिशेब, पालापाचोळ्यापासून केलेली सुपीक माती, आणि प्रत्येकाने आपला प्रयोग दुसऱ्याला सांगायचा. हा शेवटचा भाग लोक विसरतात. दाभोलकरांनी प्रयोगाबरोबर माणसंही जोडली.

गच्चीसाठी पालापाचोळ्याची माती आणखी एका कारणाने बरी. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. पाचोळा, उसाची चिपाडं आणि कंपोस्ट यांचं मिश्रण त्यापेक्षा बरंच हलकं असतं. तरीही आधी इमारतीच्या अभियंत्याला विचारावं, कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात म्हणजे खाली पाणी मुरत नाही, आणि कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी कोरड्या कराव्यात, कारण डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात.

भांडणं होतात. आमच्याकडे पहिल्याच वर्षी कुणाची वांगी कुणी तोडली यावरून दोन घरांत महिनाभर अबोला होता. डेन्व्हरसारखे वाफे वाटून घेतले, आणि कढीपत्ता, गवती चहा, शेवगा तेवढा सगळ्यांचा ठेवला, तेव्हा ते मिटलं.

पाण्याची पाळी आधी एकेकाची असे. आता ती दोघांची लावतो, आणि दोघं एकाच मजल्यावरची नसतील असं बघतो. या मे महिन्यात शनिवारच्या पाळीला काका आणि पहिल्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा आहेत. मुलाला सहाला उठवायला आई हरते, म्हणून काका जिना उतरून त्याच्या दाराची बेल वाजवतात.