मागील डिफरन्शिअलचा आवाज

मागच्या चाकांवर चालणाऱ्या दमदार मोटारींत मागील डिफरन्शिअलमधून येणारी शिटी, घरघर किंवा ठोका. गॅरेजच्या बोलीत ‘क्राउन वाजतो’.

इंजिनाची फिरकी मागे आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची फिरकी पिनियन (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर) क्राउनला (मोठ्या दातेरी चाकाला) काटकोनात देतो आणि वळणावर दोन चाकांना वेगवेगळे फिरू देण्याचे काम क्राउनला जोडलेल्या पेटीतले छोटे गिअर करतात. १९२० च्या दशकात पॅकार्डने मोटारीत हायपॉइड गिअर आणले. त्यात पिनियन क्राउनच्या मध्याच्या खाली बसतो. गाडीचा तळ त्यामुळे खाली घेता आला, पण दात एकमेकांवर घसरूही लागले. म्हणूनच इथे गंधकाचा उग्र वास येणारे जीएल-५ दर्जाचे तेल लागते.

आवाज कसला आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहावे. रस्त्याचे डांबर बदलताच आवाज बदलला तर दोष टायरचा. वळणावर भार एका बाजूला गेल्यावर बदलला तर चाकाचे बेअरिंग. या दोघांचे पाप डिफरन्शिअलच्या माथी मारून हौसिंग (त्याचे बाहेरचे कवच) उघडले जाते, हे नेहमीचेच.

ॲक्सिलरेटर दाबला की दाताची एक बाजू भार घेते, पाय काढला की दुसरी. गोव्यात ही परीक्षा घ्यायला घाट हाताशी आहे. साखळीहून चोर्ला चढताना शिटी वाजते आणि गिअरमध्येच उतरताना बंद होते, तर दाताची ओढणारी बाजू संशयित. उलट झाले तर दुसरी. चढ-उतार दोन्हीकडे सारखीच घरघर असेल तर बेअरिंगकडे वळावे. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दात असले, तर क्राउनच्या एका फेऱ्यात पिनियन सुमारे ३.७३ फेरे घेतो. त्यामुळे पिनियन बेअरिंगचा सूर चढा असतो, क्राउनच्या बाजूच्या बेअरिंगचा खर्जातला. चिऱ्याच्या कुंपणाला लागून काचा खाली करून गाडी हळू नेली तर आवाज भिंतीवरून परत येतो आणि पुढचा की मागचा, ते कानाला कळते.

पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मागून थरथर व कटकट आली, तर लिमिटेड-स्लिपच्या (एकच चाक घसरून फिरू नये म्हणून बनवलेल्या डिफरन्शिअलच्या) क्लच प्लेटी अडखळत असतात. अनेकदा योग्य तेल आणि त्यात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण सौम्य करणारे मिश्रण) घालून, मोकळ्या मैदानात आठच्या आकड्यात गाडी फिरवली की भागते.

कोकणपट्टीतल्या पावसाचा त्रास वेगळा. तापलेले हौसिंग साचलेल्या पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छोट्या नळीतून) किंवा सैल सीलमधून पाणी ओढले जाते. मग तेलाचा प्लग काढल्यावर दूध घातलेल्या चहासारखे तेल निघते. गाडी तशीच उभी ठेवली तर बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे टिपके पडतात आणि नवे तेल घालूनही घरघर जात नाही. ब्रीदर चिखलाने किंवा गंजाने बुजला तर उलटे घडते. आतला दाब वाढून पिनियन सीलमधून तेल झिरपते.

दुरुस्ती म्हणजे मुख्यतः मोजमाप. काहीही खोलण्याआधी डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या तबकडीने) दातांमधली मोकळी चाल मोजावी. ती बहुतेक मोटारींत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाच्या आसपास असते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. बेअरिंगच्या टोप्यांवर डाव्या-उजव्या खुणा कराव्यात, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. दातांना रंगीत पेस्ट लावून क्राउन फिरवला की ठसा उमटतो. तो दाताच्या मुळाशी सरकला असेल तर पिनियन फार जवळ आहे, शेंड्याकडे असेल तर लांब, आणि फरक शिम (जाडी भरून काढणाऱ्या पातळ चकत्या) बदलून काढतात. नवा क्राउन जुन्या पिनियनला कधीच बसवत नाहीत. ही जोडी कारखान्यातच एकत्र घासलेली असते. पिनियन बेअरिंगमधली दबणारी स्लीव्ह एकदाच वापरायची. नट जास्त आवळला गेला तर तो सैल करून भागत नाही, स्लीव्ह नवीच घालावी लागते.

नव्या जोडीवर पहिला प्रवास १५-२० मिनिटांचा करून गाडी थंड होऊ देतात, आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर तेल बदलतात. त्या वेळी प्लगच्या चुंबकावर करड्या मेणासारखा लेप दिसला तर तो साहजिक आहे. चमकणारे कपचे मात्र नसावेत.