स्निपेट आणि कीबाइंडिंग

स्निपेट म्हणजे कोड एडिटरमध्ये साठवून ठेवलेला कोडचा साचा. त्याला एक छोटं नाव दिलेलं असतं, ते टाइप करून टॅब दाबला की अख्खा साचा कर्सरच्या जागी उमटतो. फॉर लूप (तेच काम परत परत करणारा कोड), क्लासचा सांगाडा, टेस्टची सुरुवात, असलं जे जे परत परत टाइप करून बोटं दुखतात ते सगळं यात टाकता येतं. कीबाइंडिंग हे त्याचंच भावंड, तिथे साच्याऐवजी एखादी कमांड ठरावीक कीजना बांधलेली असते.

कल्पना जुनीच आहे. १९७६ चा ईमॅक्स हा एडिटर सुरू झाला तोच मुळी टेको नावाच्या एडिटरच्या मॅक्रोंचा, म्हणजे एकत्र साठवलेल्या कमांडचा, गठ्ठा म्हणून. पण आजचा टॅबवाला स्निपेट लोकप्रिय केला तो मॅकवरच्या टेक्स्टमेट या एडिटरने, २००४ मध्ये आलेल्या, आणि त्याची साच्यात डॉलर चिन्हाने खुणा करायची पद्धत पुढे सब्लाइम टेक्स्ट, ईमॅक्सचं यास्निपेट, व्हीएस कोड अशा बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकाने उचलली. इंटेलिजे या एडिटरमध्ये स्निपेटलाच लाइव्ह टेम्पलेट म्हणतात.

खरी मजा नुसतं पेस्ट होण्यात नाही, टॅब स्टॉपमध्ये आहे. साच्यात डॉलर १ ($1), डॉलर २ ($2) अशा खुणा केल्या की टॅब दाबत जाल तसा कर्सर त्याच क्रमाने उड्या मारतो आणि शेवटी डॉलर ० वर येऊन थांबतो. फॉर लूपमध्ये काउंटर, म्हणजे फेऱ्या मोजणारं व्हेरिएबल, तीनदा येतो ना, तिन्ही जागी डॉलर १ द्यायचा, मग नाव एकदाच टाइप केलं की तिन्हीकडे बदलतं, आणि डॉलर ० लूपच्या पोटात ठेवला की लगेच पुढचं लिहायला मोकळे.

व्हीएस कोडमध्ये हे सगळं जेसन (माहिती लिहायचा एक ठरावीक साचा) फाइलमध्ये लिहायचं आणि इथेच नवखा हमखास आपटतो. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेचा साचा केला, त्यात डॉलर लावलेलं व्हेरिएबल आहे, तर एडिटरला वाटतं ही आपलीच खूण, मग डॉलर गायब आणि नुसतं नाव उरतं. त्या डॉलरच्या आधी दोन बॅकस्लॅश द्यायचे, एक स्निपेटसाठी आणि एक जेसनसाठी, की झालं.

कीबाइंडिंगमध्ये डोकेदुखी वेगळी, एकाच कीवर दोन कमांड. म्हणून व्हीएस कोडमध्ये 'व्हेन' अट असते, तीच की एडिटरमध्ये एक काम करेल आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, दुसरं. शिवाय कंट्रोल के आणि मग कंट्रोल एस अशी जोडीही चालते, याच जोडीने शॉर्टकटची यादी उघडते. मात्र दाबलेली की ऑपरेटिंग सिस्टिमनेच आधी पळवली तर एडिटरपर्यंत काही पोचतच नाही, आणि माणूस तासभर सेटिंगच तपासत बसतो.

इंटरनेटवर दोनदोनशे स्निपेटचे तयार पॅक मिळतात, ते सरसकट टाकू नयेत असं माझं मत, टाइप करताना येणारी सजेशनची यादी इतकी भरते की आपलाच स्निपेट शोधावा लागतो. नाव पण जपून ठेवावं. व्हिम या एडिटरमधल्या, छोट्या शब्दाचा पूर्ण मजकूर करणाऱ्या अ‍ॅब्रिव्हिएशनला टॅबसुद्धा लागत नाही, स्पेस दिली तरी ते उलगडतं, त्यामुळे रोजच्या वापरातला शब्द घेतला तर साध्या कॉमेंटच्या मधोमध अख्खा लूप येऊन पडतो.