‘विशिष्ट’ शब्द गळून पडला त्याची गोष्ट

‘वही ठेवण्याआधी तारीख लिहा,’ बाई सांगतात. एक मुलगा वही दप्तरात टाकतो आणि स्वस्थ बसतो. ‘आधी’मुळे कामांचा क्रम उलटतो, हे त्याच्या ध्यानातच आलेलं नसतं. शेरा मात्र पडतो, ‘सांगितलेलं ऐकत नाही.’ असं मूल भाषेच्या खात्यात धरायचं की वर्तनाच्या, हा घोळ जुना आहे.

१९४५ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये खास शिक्षणासाठी मुलांचे ११ प्रकार ठरले. त्यांत ‘वाचादोष’ आणि ‘कुसमायोजित’ (म्हणजे इतरांशी जुळवून घेता न येणारी) असे दोन वेगळे रकाने होते. १९८१च्या कायद्याने रकाने मोडीत निघाले, सवय राहिली: शब्द अडला तर स्पीच थेरपिस्ट, हात उगारला तर समुपदेशक. अमेरिकेच्या खास शिक्षणाच्या नियमांतली मेख तर आजही तशीच आहे. भावनिक अडचण असलेल्याला मदत, नुसत्या ‘सामाजिक कुसमायोजना’ला नाही. दोन्ही वेगळं कसं ओळखायचं, ते नियम सांगत नाहीत.

जास्त गोंधळ घातला तो ‘विशिष्ट भाषा दोष’ या संज्ञेने. कान ठीक, बुद्धी ठीक, फक्त भाषा मागे, असा तिचा अर्थ. म्हणून भाषेविना घेतलेल्या चाचणीत बुद्ध्यांक साधारण ८५ तरी हवा, अशी अट संशोधनात रूढ झाली. ८४ आला की मूल बाहेर. गंभीर भावनिक-वर्तनविषयक अडचणी असलेली मुलंही बहुधा वगळली जात. म्हणजे ‘शुद्ध’ नमुना मिळावा म्हणून घातलेली चाळणी पुढे मदत कुणाला द्यायची हेही ठरवू लागली! वर्गात असलं शुद्ध मूल क्वचितच भेटतं.

२०१६-१७ मध्ये इंग्रजीभाषक देशांतल्या जाणकारांच्या गटाने मतांच्या फेऱ्या घेऊन ‘विशिष्ट’ काढलं, बुद्ध्यांक आणि भाषा यांत तफावत हवी ही अटही काढली आणि ‘विकासात्मक भाषा विकार’ हे नाव सुचवलं. अवधान किंवा वर्तनाची अडचण सोबत असली तरी हे निदान करता येतं, हेही स्पष्ट केलं. वाद झाला तो ‘विकार’वर. मुलावर आजाराचा शिक्का बसतो, असं काहींचं म्हणणं. सौम्य शब्द वापरला तर कुणी गांभीर्याने घेत नाही, असं इतरांचं. मला दुसरी बाजू पटते. डिस्लेक्सियाला नाव होतं म्हणून पालक भांडू शकले. या मुलांकडे धड नावच नव्हतं. आणि ती थोडीथोडकी नाहीत: १९९७च्या एका अमेरिकी पाहणीत बालवर्गातली सुमारे ७ टक्के मुलं यात निघाली होती.

वर्तनाच्या बाजूने पुरावा २०१४ मध्ये आला. भावनिक-वर्तनविषयक अडचणींचं निदान झालेल्या, पण भाषेची शंकाही कुणी न घेतलेल्या मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ५ पैकी ४ मुलांची भाषा थोडी तरी कमी पडत होती. म्हणून शिक्षेआधी शिक्षकाने स्वतःचं वाक्य तपासावं: ‘तारीख लिहा. झाली? आता वही ठेवा.’

इंग्लंडने त्याच सुमारास ‘वर्तन’ हा शब्दच खास शिक्षणातल्या अशा मुलांच्या गटाच्या नावातून काढून ‘सामाजिक, भावनिक व मानसिक आरोग्य’ असं नाव दिलं. भाषेचा गट मात्र तिथेही वेगळाच राहिला.